शिबिरात सुटणारं मनगट घरी सुटत नाही! स्वसंरक्षणाचे डाव खरंच चालतात का?

सांजवेळ

जाणकारांना एक विचारायचं आहे. मी चाळिशीकडे झुकलेली, उंची बेताची, ताकदही बेताचीच. कामाच्या पाळ्या अशा की परतताना बऱ्याचदा रात्र होते आणि शेवटचा टप्पा पायी असतो. म्हणून गेल्या महिन्यात एक स्वसंरक्षण शिबिर केलं. कराटे, ज्युडो आणि आणखी कशाकशातून वेचलेले डझनभर डाव शिकवले. मनगट धरलं तर असं, मागून मिठी मारली तर तसं, केस धरले तर, गळा धरला तर... शिबिरात सगळं झकास जमत होतं. समोरची मुलगी मनगट धरायची, मी हात फिरवायचे की सुटलाच.

घरी आल्यावर धाकट्या भावाला म्हटलं, धर. त्याने धरलं. मी फिरवला हात, ओढला, परत फिरवला. तो हसत उभा. शेवटी मनगट लाल झालं आणि त्यालाच दया आली.

तर प्रश्न असा: हे डाव मुळातच दिखाऊ आहेत, की मला येत नाहीत? आणि पुढे शिकायचंच झालं तर कराटे, ज्युडो, इस्रायलचं क्राव मागा यातलं काय बघू? स्पर्धा, पट्टे वगैरेत रस नाही. वेळ आली तर सुटता यावं, एवढंच.

ठोसा

जगातला सगळ्यात भारी डाव म्हणजे पळणे. गंमत करत नाहीये.

दुसरा नंबर बॉक्सिंगचा. मी हौशी बॉक्सर आहे. शिबिरात शिकवतात ती मनगटं पिरगळणं म्हणजे शुद्ध नाटक. सरळ ठोसा, पायांची हालचाल आणि तोंडावर एक बसल्यावरही डोळे उघडे ठेवायची सवय, या तीन गोष्टी वर्षभरात अंगात येतात. बाकी सगळं विसरा.

निरुपद्रवी

पळण्याला अनुमोदन. उंच टाचेच्या चपला घालून पळून बघितलंय का कधी? सराव करायचा तर रोजच्या पादत्राणांत करा. (मी स्वतः काही शिकलेलो नाही, पण पळण्याचा अनुभव दांडगा आहे.)

मॅटवरची

सांजवेळताई, मी ज्युडो शिकवते. असं एखादं शिबिर करून, घरी फजिती होऊन मग वर्गाला येणाऱ्या बायका मला नव्या नाहीत. तुमचा डाव दिखाऊ नव्हता. शिबिरातली ती मुलगी सज्जन होती, म्हणून तुम्हाला सोडत होती, इतकंच.

मनगटाचंच आधी सांगते. पकड चार बोटांच्या बाजूला भक्कम असते आणि अंगठ्याच्या बाजूला कच्ची. अंगठा आणि बोटांची टोकं जिथे भेटतात तिथे फट असते, सुटायचं तिथूनच. एवढं तुम्हाला शिकवलं असणार. बहुधा राहिलं ते पुढचं. आपलं मनगट गोल नसतं, चपटं असतं. चपटी बाजू फटीतून जात नाही, कड जाते. म्हणून आधी हात एवढाच फिरवायचा, की मनगटाची हाडाची कड त्या फटीसमोर येईल. आणि मग हात ओढायचा नाही! ओढलात की तुमच्या एका दंडाची गाठ त्याच्या अख्ख्या अंगाशी. त्याऐवजी अर्धं पाऊल त्याच्याकडे टाका आणि आपलं कोपर त्याच्या कोपराच्या दिशेने दामटा. कोपर पुढे गेलं की पंजा आपसूक तुमच्याच खांद्याकडे वर येतो. आता त्याच्या एकट्या अंगठ्यावर तुमचं सगळं वजन आलेलं असतं. अंगठा तेवढा भार पेलत नाही.

त्याने दोन्ही हातांनी तुमचं एक मनगट धरलं असेल, तर मोकळा हात त्याच्या दोन हातांच्या मधून घाला, स्वतःचीच मूठ धरा आणि याच पद्धतीने वर काढा. पाऊल मात्र पडलंच पाहिजे. पाय जमिनीला खिळलेले ठेवून हातांनी झोंबणं हा शिबिरातून येणाऱ्या प्रत्येकीचा ठरलेला दोष.

तुमच्या भावाबद्दल दोन गोष्टी. एक, तुम्ही काय करणार हे त्याला आधीच ठाऊक होतं. दोन, मनगट धरून हसत उभं कोणी राहत नाही. धरणारा कुठेतरी ओढायला धरतो, गाडीकडे, दाराकडे, अंधाराकडे. ओढायला लागला की त्याचा तोल मागे जातो. ज्युडोतलं पहिलं व्याकरण हेच, त्याने ओढलं तर जा, ढकललं तर घे. तो ओढतोय त्याच बाजूला तुम्ही पटकन पाऊल दिलंत की ताण सैल पडतो, आणि मनगट तेव्हा निघतं. पकड बसायच्या आत हललात तर अर्धं काम झालंच. बसलेली पकड सोडवणं मलाही जड जातं, आणि मी या कामात केस पांढरे केलेत.

शिवाय शिबिरात एक हात धरला की दुसरा हात शोभेला लोंबकळत असतो. तो रिकामा आहे, तोंडही रिकामं आहे. ओरडा. मोकळ्या हाताने हनुवटीखाली किंवा नाकावर तळहाताचा मनगटाजवळचा भाग मारा, नडगीवर लाथ घाला. त्या फटक्याने तो लोळणार नाही. त्याचं लक्ष क्षणभर पकडीवरून उडेल, आणि तेवढ्यासाठीच तो मारायचा. जांघेत गुडघा मारण्याचंही तेच. लागला तर लागला, पण पुरुष तो भाग न शिकवताही सांभाळतात, त्याच्यावर सगळी भिस्त ठेवू नका.

ठोसा, तुमच्या बॉक्सिंगबद्दल मला आदर आहे. पण नुसत्या मुठीने डोक्यावर मारलं तर करंगळीमागचं हाड मुठीच्या उंचवट्याजवळ मोडतं. डॉक्टर त्याला बॉक्सरचंच नाव देतात. तुमच्या हाताला पट्ट्या आणि ग्लोव्ह असतात, ताईंच्या हातात किल्ल्या असतील. नवशिक्याला मुठीपेक्षा उघडा पंजा बरा.

आता कुठला वर्ग. पाटीवर काय लिहिलंय ते बघू नका. आत जाऊन एक तास नुसतं बसा आणि बघा, या तासात कुठेतरी समोरचा माणूस डाव लागू नये म्हणून जिवापाड धडपडतोय का? ज्युडोत त्याला रांदोरी म्हणतात, कराटेत कुमिते असतं, बॉक्सिंगमध्ये स्पारिंग. ते नसेल आणि नुसतं रांगेत उभं राहून हवेत हात मारणं असेल, तर व्यायाम छान होईल, मनगट सुटणार नाही. क्राव मागाची मुळं १९३० च्या दशकात, आजच्या स्लोव्हाकियातल्या ब्रातिस्लाव्हा शहरात झालेल्या रस्त्यावरच्या मारामाऱ्यांत आहेत. हेतूच स्वसंरक्षणाचा, तेव्हा तुम्हाला ते जवळचं वाटेल. पण त्यातही शिक्षकागणिक जमीनअस्मानाचा फरक पडतो.

ज्युडोचे जनक कानो जिगोरोंनी १८८२ मध्ये कोदोकान ही आपली शाळा काढली तेव्हा जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धकलेतले घातक प्रकार त्यांनी रांदोरीतून बाजूला काढून ठेवले. मग उरलेले डाव पोरांना पुऱ्या जोराने, रोज, एकमेकांवर करता येऊ लागले. डोळ्यात बोट घालायचा सराव कोणी पुऱ्या जोराने करू शकत नाही. माणूस आपटण्याचा करता येतो. 'आमचे डाव इतके जीवघेणे की स्पारिंग करताच येत नाही' असं कोणी छाती काढून सांगू लागला, की मी तिथून उठते.

आणि डझनभर डाव कशाला हवेत? हिक या मानसशास्त्रज्ञाने १९५२ मध्येच दाखवलं होतं की समोरचे पर्याय वाढले की माणसाला प्रतिसाद द्यायला वेळ जास्त लागतो. घाबरलेल्या अवस्थेत तर विचारूच नका. तुमच्या यादीतलं मनगट ठेवा, गळा ठेवा, पडणं आणि उठणं कुणी शिकवलंच नसेल तर ते घाला. केसांचा डाव खुशाल विसरा.

गळा का ठेवायचा, तर मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या नीट दाबल्या गेल्या तर दहाएक सेकंदांत शुद्ध जाते. तिथे विचाराला वेळ नाही. हनुवटी छातीला लावा, दोन्ही हातांची बोटं आकड्यासारखी वळवून त्याच्या अंगठ्यांवर घाला, एका झटक्यात बाहेर उपटा आणि त्याच वेळी अंग बाजूला वळवा. इथेही पुन्हा अंगठाच.

ठोसा

मुठीचं मान्य. माझंही ते हाड एकदा सुजलं होतं. पण मॅडम, तुम्ही फेकण्याबद्दल एक शब्द बोलला नाहीत. ज्युडोवाल्या असून?

मॅटवरची

मुद्दामच नाही बोलले. फेकायला कपडा धरावा लागतो, जवळ जावं लागतं आणि वर्षं द्यावी लागतात. ताईंना दूर जायचंय.

काठावरचा

चाकू असेल तर? आणि मिरचीचा फवारा जवळ ठेवावा का? आंतरजालावर चाकू हिसकावून घेण्याचे व्हिडिओ ढिगाने आहेत, त्यांचा काही उपयोग?

दुसरं म्हणजे कायदा. माझा संबंध कोर्टकचेऱ्यांशी येतो म्हणून सांगतो, स्वसंरक्षणाचा हक्क धोका असेपर्यंत आणि धोक्याच्या प्रमाणात. तो पळत सुटल्यावर मागून घातलेली लाथ किंवा तो पडल्यावर राग म्हणून हाणलेल्या चार, या स्वसंरक्षणात मोजल्या जातीलच असं नाही. देशोदेशी कलमं वेगळी, पण ढाचा बहुतेक ठिकाणी असाच.

मॅटवरची

व्हिडिओतला चाकूवाला एकदा भोसकतो आणि हात तसाच पुढे धरून थांबतो, फोटो काढायला थांबल्यासारखा. खरा चाकूवाला शिवणयंत्राच्या सुईसारखा आतबाहेर करतो. टुलर नावाच्या अमेरिकन पोलीस प्रशिक्षकाने १९८३ मध्ये लिहून ठेवलंय की चाकू घेतलेला माणूस एकवीस फुटांचं अंतर दीड सेकंदात कापतो. ते पिस्तूलवाल्या पोलिसांना सांगितलेलं होतं! रिकाम्या हाताच्या माणसाने यातून काय ते घ्यावं. मागेल ते द्या. हातात देऊ नका, एका बाजूला भिरकावा आणि दुसऱ्या बाजूला पळा. गाडी, टेबल, खांब, जे असेल ते मध्ये आणा. काहीच मार्ग नसेल तर दोन्ही हातांनी तो एकच हात धरून अंगाला चिकटवून ठेवायचा, आणि कापलं जाणार हे गृहीत धरायचं. मी हे शिकवते, पण शिकवताना कुणाला आत्मविश्वास देत नाही.

फवारा कायद्याने चालत असेल तिथे जरूर ठेवा. पण पिशवीच्या तळाशी असलेला फवारा नसल्यातच जमा. वारा समोरून असेल तर तो तुमच्याच डोळ्यांत येणार. आणि विकत घेतल्यावर एकदा मोकळ्या जागी मारून बघा, कळ कुठे आहे हे अंधारात बोटाला कळलं पाहिजे.

सांजवेळ

किती सविस्तर! आभार. काल भावाला पुन्हा कामाला लावलं. त्याला म्हटलं, उभा राहू नकोस, दाराकडे ओढ. पाऊल दिलं, कोपर दामटलं... सुटला हात! त्यालाही कळलं नाही कसा. पण त्याने आधी घट्ट धरून ठेवून मग ओढलं तर अजून नाही जमत.

दोन शंका आहेत. एक, माझी उंची खरोखर कमी आहे. माझ्यासारखीने यात पडावं का? दुसरी, पडण्याचं तुम्ही लिहिलंत. मला पडायची भयंकर भीती वाटते.

मॅटवरची

शाब्बास. घट्ट धरून ठेवलं तर नुसतं सोडवत बसू नका, आधी पंजा किंवा नडगी, मग मनगट. क्रम उलटा केलात की जमेल.

उंचीचं म्हणाल तर शंभरएक वर्षांपूर्वी लंडनमध्ये एडिथ गॅरड नावाच्या बाई जुजुत्सू शिकवायच्या. उंची पाच फुटांच्याही आत. बायकांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या एमेलिन पँकहर्स्ट यांच्याभोवती १९१३ च्या सुमारास बायकांचंच एक संरक्षक पथक उभं राहिलं, त्याला या गॅरडबाईंनी तयार केलं. मला त्या आवडतात त्या वेगळ्याच कारणाने. त्या पथकाला पोलिसांना हरवायचं नव्हतं. पँकहर्स्टबाई गर्दीतून निसटेपर्यंत पोलिसांना अडकवून ठेवायचं होतं. बुटक्या बाईलाही जमेल असं उद्दिष्ट ठेवलं आणि त्यासाठी चोरून, जागा बदलून, पण नेमाने सराव केला.

आता पडणं. माझ्या वर्गात पहिले काही आठवडे दुसरं काही होत नाही आणि लोक कंटाळतात. कंटाळू देत. धक्का बसला की आपण हात मागे टेकवतो आणि मनगटाचं हाड मोडतं, किंवा डोकं मागे आपटतं. हात मागे न्यायची ही सवय मोडणं हाच अर्धा अभ्यास. हनुवटी छातीला, नजर स्वतःच्या पोटावर. गुडघे वाकवून जितकं खाली बसता येईल तितकं बसा, म्हणजे पडायची उंचीच कमी होते. मग पाठ गोल करून मागे लवंडा आणि दोन्ही हात अंगापासून थोडे दूर, तळवे खाली करून एकदम जमिनीवर मारा. खांद्यांच्या रेषेत पसरू नका. मॅटवर हे मारणं सणसणीत होतं, कठीण जमिनीवर त्याला फार अर्थ नाही, पण हनुवटी आणि गोल पाठ कुठेही वाचवतात. उकिडवं बसून सुरुवात करा. बसल्या जागेवरून मागे लवंडायची भीती गेल्याशिवाय उभ्याने करायचं नाही.

पडल्यावर लगेच वळून, त्याच्याकडे पाठ करून, हातगुडघ्यांवर उठू नका. सगळे तसंच उठतात. तो उभा असेल तर उताण्या राहा, पाय त्याच्याकडे, डोकं लांब. तो फिरेल तसं तुम्हीही कुल्ल्यावर फिरा आणि जवळ आला की नडगीवर, गुडघ्यावर लाथा. थोडं अंतर मिळालं की एक हात मागे टेकवा (इथे मात्र टेकवायचा, कारण आता तुम्ही पडत नाही आहात), विरुद्ध बाजूचं पाऊल जमिनीवर रोवा, दुसरा हात चेहऱ्यासमोर. त्या हातावर आणि पावलावर कंबर उचला, मोकळा पाय खालून मागे घ्या आणि उभ्या राहा. तोंड सगळा वेळ त्याच्याकडे. मग मागे सरकत पळा. ब्राझिलियन जिउ-जित्सूवाले हे पहिल्या आठवड्यात शिकवतात आणि मी ते त्यांच्याकडून बिनदिक्कत उचललंय.

तो अंगावर बसला असेल तर छातीवर हात लावून ढकलू नका, दमाल. त्याचा एक हात स्वतःच्या छातीशी घट्ट आवळा, त्याच बाजूचा त्याचा पाय तुमच्या पावलाने बाहेरून अडकवा, आणि कंबर आधी सरळ वर, मग त्याच खांद्यावरून उलटवा. त्या बाजूला टेकायला त्याच्याकडे हातही नाही, पायही नाही, म्हणून तो कलंडतोच. माझ्या वर्गातली सगळ्यात हलकी मुलगी सगळ्यात जड मुलाला असा उलटवते. तो अजिबात मदत करत नाही, उलट चिडतो.

आणखी एक, जे शिबिरात बहुधा कोणी काढत नाही. २०१५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये कॅनडातल्या तीन विद्यापीठांतला अभ्यास छापून आला. पहिल्या वर्षाच्या ८९३ मुली. काहींना बारा तासांचं प्रशिक्षण, बाकीच्यांना नुसती माहितीपत्रकं. वर्षभरात बलात्कार झालेल्यांचं प्रमाण पत्रकांच्या गटात ९.८ टक्के आणि प्रशिक्षण घेतलेल्या गटात ५.२ टक्के. त्या बारा तासांत हातापायाचे डाव थोडेच होते. बाकी वेळ गेला धोका लवकर ओळखण्यात, आणि ओळखीच्या माणसासमोर होणारा संकोच मोडण्यात. अंधारातल्या अनोळखी माणसावर ओरडायला आपण तयार असतो. सोडायला आलेला सहकारी जरा जास्तच जवळ उभा राहिला तर 'उगाच कशाला' म्हणून गप्प बसतो. म्हणून माझ्याकडे हाही सराव असतो. दोन्ही तळवे छातीसमोर उघडे, एक पाय मागे, दोन हातांचं अंतर, आणि मोठ्याने: 'थांब. मागे हो.' स्पष्टीकरण नाही, माफी नाही. धिप्पाड बायकांच्या तोंडून सुरुवातीला हे तीन शब्द निघत नाहीत, तिथे मनगटाचं काय घेऊन बसलात!

ठोसा

हे 'थांब, मागे हो' आमच्याकडे कोणी शिकवलं नाही बुवा. वाचनखूण साठवली आहे.

सांजवेळ

शेवटची शंका. पिशवीचा पट्टा खांद्यावरून आडवा घालते, हात मोकळे राहतात म्हणून. ते बरोबर ना?

मॅटवरची

हात मोकळे राहतात हे खरं, पण कोणी पिशवी ओढली तर तिच्याबरोबर तुम्हीही जाता. एका खांद्यावर ठेवलीत तर सोडता येते. आडवीच हवी असेल तर दाब पडला की सुटणाऱ्या कडीची बघा. आणि भावाबरोबरच्या सरावात ती घालूनच उतरा, पट्टा धरून ओढायला सांगा. त्याआधी एक ठरवा: दोनदा थापटलं की लगेच सोडायचं. त्यालाही लागू, तुम्हालाही.